‘आक्रमण’ की ‘लष्करी कारवाई’? आणि ‘राष्ट्रउभारणी’ नेमकी कोणाची?

टीपकागद : इराकवरच्या २००३ च्या युद्धासंबंधीच्या एका इंग्रजी लेखाचे भाषांतर करते आहे. परक्या फौजांनी देशात शिरून राजवट उलथवावी आणि मग तो देश स्वतःच उभारून द्यावा, हे समर्थनीय आहे का, हा लेखाचा विषय. ‘इन्व्हेजन’साठी मी लिहिलेले ‘आक्रमण’ संपादकांनी खोडून ‘लष्करी कारवाई’ केले, कारण ‘आक्रमण’ म्हटले की निकाल आधीच लागतो, असे त्यांचे म्हणणे. ‘राष्ट्रउभारणी’ लिहिताना मात्र माझाच हात अडखळतो.

पैलतीर : २ ऑगस्ट १९९० रोजी सद्दामच्या फौजा कुवेतमध्ये शिरल्या, तेव्हा माझे काका तिथे नोकरीला होते. ते सुखरूप परत येईपर्यंत आमच्या घरात ‘आक्रमण’ हाच शब्द होता आणि त्यावर कोणीही हरकत घेतली नाही. २००३ मध्ये फौजा अमेरिका-ब्रिटनच्या होत्या, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची स्पष्ट संमती नव्हती आणि ज्या महासंहारक शस्त्रांच्या नावाने युद्ध झाले ती सापडली नाहीत. मग शब्द सौम्य का करायचा?

गोदाकाठ : दोन्ही प्रसंग एका मापाने मोजता येणार नाहीत. सद्दामने कुवेत गिळून आपला प्रांत म्हणून जाहीर केला होता; २००३ मध्ये जो हटवला गेला, त्याच्या राजवटीने १९८८ मध्ये हलब्जात कुर्दांवर विषारी वायू सोडला होता. आम्हा मराठवाड्यातल्यांना शब्दांचा हा खेळ नवा नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाच्या राज्यात सैन्य आले, त्याला आमच्याकडे अजून ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हणतात. रणगाडे घेऊन कुठले पोलीस येतात, असे मी लहानपणी आजोबांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “रझाकारांच्या वेळी गावात असतास, तर विचारलं नसतंस.”

मांडवीकाठ : आजोबांचे बरोबर आहे, पण दाखला लागू पडत नाही. १९६१ मध्ये गोव्यात जे झाले त्याला आम्ही ‘मुक्ती’ म्हणतो आणि पोर्तुगीज ‘आक्रमण’ म्हणत आले. तरी आलेले सैन्य परक्या भूमीला राज्य करायला शिकवायला आले नव्हते. बगदादमध्ये नेमका तोच आव होता.

बारगीर : ‘आक्रमण’, ‘कारवाई’ हवेत कशाला? ‘स्वारी’ हा अस्सल मराठी शब्द आहे.

पैलतीर : अस्सल कसला, ‘सवार’ फारसीतून आला. शिवाय आमची आत्या नवऱ्याला उद्देशून “स्वारी कुठे निघाली?” म्हणते, ‘बुशसाहेबांची बगदादवर स्वारी’ वाचून लोक हसतील.

बारगीर : मग ‘मुलूखगिरी’ घ्या.

मांडवीकाठ : तिचा अर्थ बंगाली माणसाला विचारा. अठराव्या शतकातल्या आपल्या बारगिरांना, म्हणजे लूट करत फिरणाऱ्या मराठा घोडेस्वारांना, तिथे ‘बर्गी’ म्हणून अजून धाक घालण्यासाठी आठवतात. आपले टोपणनाव तेवढे सांभाळा.

घडीमोड : मूळ प्रश्नाकडे येतो. ‘राष्ट्र’ तिथल्या लोकांच्या मनात असते, ते बाहेरचा उभारू शकत नाही. त्याला फार तर राज्याची घडी बसवता येते. आणि तीही बसवली का? मे २००३ मध्ये इराकचा कारभार पाहायला अमेरिकेने नेमलेल्या पॉल ब्रेमर यांनी पहिल्या आदेशाने सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या थरातल्यांना सरकारी नोकरीतून काढले, ज्यात पक्षात नाव घातलेले शाळामास्तरही गेले, आणि दुसऱ्या आदेशाने अख्खे सैन्य बरखास्त केले. हत्यार चालवता येणारी लाखो माणसे पगाराविना घरी बसली. याला मराठीत घडी विस्कटणे म्हणतात. राजवट हटवणे एक वेळ समर्थनीय ठरवता येईल, पण हे नाही.

गोदाकाठ : हे मान्य, पण ती कारभाराची चूक झाली. हेतू चूक होता, असे त्यावरून ठरत नाही.

टीपकागद : त्याच महिन्यात सुरक्षा परिषदेच्या १४८३ क्रमांकाच्या ठरावाने अमेरिका व ब्रिटन यांना ‘ऑक्युपाइंग पॉवर’ मानले. ताबा घेणारा म्हणून ‘ताबेदार’ लिहायला गेले आणि जीभ चावली, कारण आपल्याकडे ताबेदार म्हणजे हुकमाचा बंदा!

पैलतीर : ‘कब्जेदार’ लिहा. आणि संपादकांना सांगा की एप्रिल २००३ मध्ये मनोहर जोशी अध्यक्ष असताना आपल्या लोकसभेतही याच युद्धावर शब्दावरून अडले होते. शेवटी हिंदी ‘निंदा’वर एकमत झाले, कारण त्यातून सौम्य आणि कडक दोन्ही अर्थ निघत होते.

बारगीर : मराठीत ‘निंदा’ म्हणजे पाठीमागे केलेली कुचाळकी. तिथे ‘निषेध’च हवा होता.

टीपकागद : उद्या लेख द्यायचा आहे. तूर्त शीर्षकात ‘लष्करी कारवाई’ आणि मजकुरात ‘आक्रमण’ ठेवले आहे.

घडीमोड : म्हणजे वाचकाला वाटणार, युद्धे दोन झाली.