पेपर चुकला, म्हणून मागे घ्यायचा?

मोनो_लेक (धागाकर्ता): कालच्या धाग्यावर एकाने लिहिलंय, "'सायन्स' जर्नलने आर्सेनिकवाला पेपर (शोधनिबंध) अखेर रिट्रॅक्ट केला, म्हणजे मागे घेतला, विज्ञान स्वतःला सुधारतं ते असं." डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा. 2010 मध्ये फेलिसा वुल्फ-सायमन आणि मंडळींनी दावा केला की मोनो लेकमधला जिवाणू फॉस्फरसऐवजी आर्सेनिकवर भागवतो, अगदी डीएनएतसुद्धा. नासाने पत्रकार परिषद वगैरे घेतली. 2012 मध्ये त्याच 'सायन्स'ने दोन पेपर छापून दावा निकालात काढला. विषय संपला ना? मग जुलै 2025 मध्ये, फसवणुकीचा आरोप नसताना, लेखकांचा विरोध डावलून पेपर मागे! चुकीचा निष्कर्ष एवढंच कारण पुरत असेल तर निम्मी लायब्ररी रद्दीत घाला.

शंकेखोर_काकू: रद्दीत कुठे गेलाय? पेपर साइटवर आहे तसाच आहे, फक्त वर मागे घेतल्याचा शिक्का आलाय. आणि चूक काही साधी नव्हती. जिवाणू वाढवायच्या द्रावणात फॉस्फेटची, म्हणजे फॉस्फरसचीच, भेसळ, डीएनए नीट शुद्ध केलेला नाही. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रोझमेरी रेडफील्ड पहिल्या आठवड्यापासून ब्लॉगवर हेच ओरडून सांगत होत्या.

मोनो_लेक: शिक्का बसला की लोक चोर समजतात, काकू. वुल्फ-सायमनबाईंना त्या फसवणूक करणाऱ्या वेकफील्डच्या पंगतीत बसवलंत.

जुना_भिडू: वेकफील्डचं नाव निघालंच आहे तर सांगतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय जर्नलने त्याचा 1998 चा, एमएमआर लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा पेपर 2010 मध्ये मागे घेतला. 12 मुलांवरचा पेपर, लागली 12 वर्षं! 2004 मध्येच 10 सहलेखकांनी त्या निष्कर्षातून अंग काढून घेतलं होतं. आणि 'लॅन्सेट'चाच, सर्जिस्फिअर कंपनीच्या संशयास्पद डेटावरचा, कोविडवरच्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन औषधाचा पेपर? 22 मे 2020 ला छापला, 4 जूनला मागे. मनात आणलं की जमतं.

प्रमोशनग्रस्त: ती मोठी जर्नल्स झाली. इकडचं बोला. 2023 मध्ये एकट्या हिंदावी या प्रकाशकाने 8 हजारांवर पेपर मागे घेतले. आमच्या विभागातल्या एका सरांचेही दोन गेले, वेगळ्या जर्नलमधले. सीएएसच्या (प्राध्यापकांच्या बढतीच्या) फायलीत त्यांचे गुण जसेच्या तसे. विचारलं तर म्हणाले, "मी प्रिंट काढली तेव्हा शिक्का नव्हता." सध्या तेच आयक्यूएसीचे, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाचे, समन्वयक.

पुणेरी_पिपेट: हाहा, समन्वयक!! यूजीसीने मान्य जर्नल्सची केअर यादीही 2025 मध्ये गुंडाळली. आता जर्नल बरं की वाईट, ज्याचं त्याने ठरवायचं.

प्रमोशनग्रस्त: यादी होती तेव्हा काय मोठे दिवे लागले? यादीतल्या जर्नलची हुबेहूब नकली साइट काढून पैसे घ्यायचे लोक.

जुना_भिडू: धागा कशावर आहे? तुमचं प्रमोशन अडलंय हे आम्हाला गेल्या तीन धाग्यांपासून पाठ आहे.

प्रमोशनग्रस्त: ज्याचं जळतं त्यालाच कळतं. निवृत्तांनी शिकवू नये.

पुणेरी_पिपेट: भांडू नका. एनआयआरएफने (कॉलेजांची सरकारी क्रमवारी) 2025 पासून रिट्रॅक्शनला उणे गुण सुरू केलेत, म्हणजे सरांमुळे कॉलेजलाही फटका.

मोनो_लेक: तेच म्हणतोय मी! उणे गुण लागणार म्हटल्यावर प्रामाणिक चूक तरी कोण स्वतःहून कळवेल? प्राचार्यच सांगतील, गप्प बसा.

शंकेखोर_काकू: बरं, हा मुद्दा दिला तुम्हाला. एवढाच. पण तुमच्या आर्सेनिकवाल्यांवर 'सायन्स'ने 2011 मध्ये आठ आक्षेप छापले होते, तेव्हा ते दाव्याला चिकटूनच बसले. तेव्हाच स्वतःहून मागे घेतला असता तर आज हे रडगाणं नसतं.

मोनो_लेक: दाव्याचा बचाव करणं हाही आता गुन्हा का?

प्रमोशनग्रस्त: आमच्या सरांनाही विचारून सांगतो.