शब्द हवा : ‘टॅक्टाइल साइन लँग्वेज’

दौतटाक :
मंडळी, बधिरांध माणसं एकमेकांशी कशी बोलतात यावरचा एक अभ्यासलेख मराठीत आणतेय आणि पहिल्याच ओळीत अडलेय. बोलणाऱ्याच्या हातांवर ऐकणाऱ्याने आपले हात ठेवायचे आणि हालचालीवरून खूण ओळखायची, असा हा प्रकार. मी ‘स्पृश्य सांकेतिक भाषा’ लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी लाल रेघ मारली : ‘हा शब्द मराठीत निरागस राहिलेला नाही.’ पटलं. मग ‘स्पर्शजन्य’ केलं, तर म्हणाल्या, ‘भाषा आहे की खरूज?’ सुचवा काहीतरी.

वेलांटी :
अहो, करपल्लवी! शब्द तयार पडलाय आणि आपण शोधत फिरतोय. करपल्लवी, नेत्रपल्लवी, त्याच चालीवर ‘स्पर्शपल्लवी’. पल्लव म्हणजे कोवळं पान, बोटं म्हणजे हाताला फुटलेली पालवी.

खडूफळा :
गोड आहे, पण चुकीचं आहे. करपल्लवीत अक्षरं सांगतात. हाताच्या मुद्रेवरून वर्ग, बोटांवरून त्यातलं अक्षर. म्हणजे भाषा मराठीच, तोंडाचं काम फक्त बोटांकडे. १८८७ मध्ये पंपाच्या धारेखाली हेलन केलरचा एक हात धरून दुसऱ्या हातावर ॲन सलिव्हनने ‘वॉटर’ लिहिलं, ते या जातीचं. जर्मन मुलखातल्या लॉर्म या बधिरांध लेखकाची १८८१ची लिपीही तशीच : तळहातावर ठरलेल्या जागी टिंब किंवा रेघ, की झालं अक्षर. खुणांच्या भाषेला स्वतःचं व्याकरण असतं. ती कुठल्या बोलभाषेचं स्पेलिंग नव्हे.

पाटीपेन्सिल :
एवढा खटाटोप कशाला? ‘टॅक्टाइल साइन लँग्वेज’ असंच ठेवा. आणि ‘बधिरांध’ तरी कोण म्हणतं हो?

वेलांटी :
‘दिनांक’ आणि ‘महापौर’ हेही कोणीतरी बसून घडवलेच की. आता टोचतात का?

खडूफळा :
‘बधिरांध’ला हात लावू नका. फक्त समास नीट सोडवा. द्वंद्व म्हटलात तर माणसं दोन होतील, एक बधिर आणि एक अंध. हा कर्मधारय, ‘पांढराशुभ्र’सारखा. बहिरा माणूस डोळ्यांवर भागवतो, आंधळा कानांवर. इथे उसनं घ्यायला दुसरं दुकानच उघडं नाही, म्हणून अवस्थाच वेगळी. मधे रेघ न देता एकच शब्द लिहावा असा आग्रह इंग्रजीतही आहे, तो याचसाठी.

उंबरठा :
माझा मावसभाऊ अशर सिंड्रोमचा, म्हणजे बहिरेपण आणि हळूहळू जाणारी नजर एकत्र. जन्मापासून बहिरा, खुणांची भाषा लहानपणापासूनची. विशीनंतर नजर कडेकडेने गेली, नळीतून बघावं तेवढी उरली. आधी तो आम्हाला लांब उभं राहून खुणा करायला सांगायचा, म्हणजे दोन्ही हात त्या नळीत मावतील. मग माझं मनगट धरायला लागला. आता पूर्ण हातावर हात. बोलायचं असलं की ‘हात दे’ म्हणतो.

यात एक गोष्ट हरवली : भुवया. आमच्या खुणांत भुवया वर गेल्या की प्रश्न. हाताला भुवया लागत नाहीत. सुरुवातीला मी विचारायचो ‘जेवलास?’ आणि त्याला कळायचं ‘जेवलास.’ तो चिडून सांगायचा, ‘अजून नाही, तुला कोणी सांगितलं?’ हल्ली मी शेवटची खूण जरा धरून ठेवतो, नाहीतर त्याच्या छातीकडे बोट नेतो.

खडूफळा :
वा! स्वीडनमध्ये योहाना मेश यांनी १९९८च्या प्रबंधात हेच नोंदवलंय, प्रश्नात शेवटची खूण लांबते. आपलं ‘जेवलास’ तरी कुठे वेगळं? लिहिताना चिन्ह नसेल तर सगळी भिस्त आवाजावरच.

दौतटाक :
उंबरठा, हे सोन्यासारखं आहे. मी ‘हात चाचपून समजून घेतात’ असं लिहिलंय. चालेल?

वेलांटी :
‘चाचपून’ चालेल, ‘चाचपडत’ नको. चाचपणारा पारखतो. चाचपडणारा अंधारात किल्ली शोधतो.

उंबरठा :
मला दोन्ही नकोत. त्याचा हात काही शोधत नसतो, माझ्या हातावर नुसता टेकलेला असतो. इतका हलका की माझी खूण अडत नाही, पण बोट वळलं तरी त्याला कळतं. ‘टेकवून’ लिहा.

पाटीपेन्सिल :
एक बाळबोध शंका. मान हलवलेली दिसत नाही, ‘हं’ ऐकू येत नाही, तर समोरचा जागा आहे हे बोलणाऱ्याला कळतं कसं?

खडूफळा :
बाळबोध कसली, कळीची शंका आहे. अमेरिकेतल्या सिॲटलच्या बधिरांध मंडळींत २००७च्या सुमारास ‘प्रोटॅक्टाइल’ नावाची चळवळ उभी राहिली, तिच्या मुळाशी हेच. ऐकणारा मोकळ्या हाताने बोलणाऱ्याच्या मांडीवर थापटत राहतो : कळलं, पुढे बोल. हसू आलं तर बोटं खाजवल्यासारखी फिरवतो. पुढे त्यातून वेगळं व्याकरणच घडत गेलं. ऐकणाऱ्याचा हात खुणेचाच भाग होतो, म्हणजे एक शब्द दोघांच्या हातांनी मिळून उच्चारायचा. टेरा एडवर्ड्स आणि डायन ब्रेंटारी या अभ्यासकांनी २०२०मध्ये त्याची ध्वनिव्यवस्था मांडली.

पाटीपेन्सिल :
ध्वनिव्यवस्था? जिथे ध्वनीच नाही तिथे?

खडूफळा :
बघा, फसलो. म्हणायचं होतं, खुणेचे सुटे घटक कसे जुळतात ते. इंग्रजीतल्या ‘फोनॉलॉजी’ या मूळ शब्दातही ध्वनीच दडलाय, त्यांनी तो तसाच वापरलाय. मराठीत मात्र लगेच खटकतो.

वेलांटी :
आणि ते थापटणं म्हणजे हुंकार. गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो. ‘होकार’ त्यातूनच आला, असा माझा कयास.

खडूफळा :
कयास मागे घ्या. एकीकडे ‘हो’ अधिक ‘कार’, दुसरीकडे ‘हुं’ अधिक ‘कार’. भावंडं म्हणा हवं तर, मायलेकी नव्हेत. शिवाय हुंकार आवाजाचा.

उंबरठा :
हुंकारच बरा. माझ्या गुडघ्यावर त्याची बोटं थांबली की मलाही बोलणं थांबवावंसं वाटतं. आवाज नसला म्हणून काय झालं?

दौतटाक :
मूळ प्रश्न आहे तिथेच आहे! मजकूर आज द्यायचाय. तूर्त ‘स्पर्श-खुणांची भाषा’ टाकते.

वेलांटी :
मधली रेघ काढा. ‘स्पर्शखुणा’ सलग लिहा.

खडूफळा :
राहू द्या रेघ. सलग लिहिलंत तर स्पर्शाच्या मागे उरलेल्या खुणा वाटतील, वळ उठल्यासारख्या.

वेलांटी :
आणि ‘बधिरांध’ला रेघ नको म्हणणारे तुम्हीच ना?