सोलापूरच्या मुली क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट का होत नाहीत?

चाटी_गल्ली (धागाकर्ती):
मी सोलापुरात मानसशास्त्र शिकवते. क्लिनिकलला, म्हणजे मानसिक आजार तपासून थेरपी देणाऱ्या शाखेला, जायची इच्छा असलेल्या हुशार मुली माझ्या वर्गात दरवर्षी असतात. तिथवर पोचतात फार थोड्या. याचा फटका मुलींपेक्षा पेशंटला जास्त बसतो, असं माझं ठाम मत आहे.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायला नुसतं एम.ए. पुरत नाही, आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) मान्यता असलेलं प्रशिक्षण लागतं. आजवर त्याचा मुख्य रस्ता म्हणजे दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. जागा मोजक्या, त्याही पुणे, बेंगळुरू, रांची अशा लांबच्या ठिकाणी. परीक्षा इंग्रजीत, मुलाखत इंग्रजीत. खासगी विद्यापीठात फी लाखांत. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर, अशा घरच्या मुलीनं ही दोन वर्षं काढायची कशी?

आता पेशंटकडे बघा. सोलापूरच्या पूर्व भागातली एक तेलुगू बोलणारी सून ओपीडीत आली होती. झोप नाही, छातीत धडधड. समोर बसलेल्यांना तेलुगू येत नव्हतं, म्हणून सासूच दुभाषी झाली. सून बराच वेळ बोलली, मध्येच पदर तोंडाला लावला. सासूनं सांगितलं, “जेवण जात नाही म्हणते.” ती नवऱ्याच्या दारूबद्दल आणि मारहाणीबद्दल बोलली होती. माझ्या घरी तेलुगूच बोलतात म्हणून मला कळलं, आणि नंतर मी ते डॉक्टरांच्या कानावर घातलं. पण दर वेळी तिथं तेलुगू येणारं कोणी थोडंच असणार?

म्हणून निवड करताना स्थानिक भाषेला गुण द्या, प्रशिक्षणात विद्यावेतन सगळीकडे द्या आणि एक केंद्र सोलापुरात काढा.

होटगी_रोड:
ताई, कळकळ पोचली, मुद्दा पटला नाही. मी याच क्षेत्रात आहे. आत्महत्येचा धोका ओळखणं, बौद्धिक अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी बुद्ध्यांक काढणं, ही जोखमीची कामं आहेत. एक चाचणी चुकली तर एखाद्या पोराच्या सवलती जातात. पुस्तकं, संशोधन, चाचण्यांची मॅन्युअल, सगळं इंग्रजीत. निवडीत ढिलाई केली तर भोगणार तुमचीच पूर्व भागातली सून. सरकारी संस्थांत आरक्षण आहेच. आणि भाषेचं म्हणाल तर 2022 पासून टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे. 14416 लावा, तेलुगू-कन्नडसकट 20 भाषांत बोलता येतं.

अक्कलकोटकर:
ओ सर, एका खोलीच्या घरात सून नवऱ्याबद्दल फोनवर बोलणार कुठं बसून? पहिला धीर मिळायला फोन चांगला, नाही म्हणत नाही. पण आठवड्याच्या आठवड्याला समोर बसून करायची थेरपी त्यात कशी बसवणार? आमच्याकडं कन्नड बोलणाऱ्यांचंही हेच रडगाणं आहे. आणि सरकारी संस्थांतलं आरक्षण खासगी विद्यापीठाची लाखांची फी भरायला येत नाही.

चाटी_गल्ली:
इंग्रजी वाचता यायलाच हवं, त्यात वाद नाही. पण वाचून समजणं वेगळं आणि मुलाखतीत फाडफाड बोलणं वेगळं. आपण दुसऱ्यालाच गुण देतोय.

चाचण्यांचा विषय काढलात म्हणून सांगते. लक्ष टिकतं का हे बघायच्या चाचणीत शंभरातून सात वजा करत जा, असं एका विडी कामगार बाईंना विचारलं. त्र्याण्णवनंतर त्या अडखळल्या. त्याच बाईंना आठवड्याची मजुरी विचारली. हजारामागचा दर, ठेकेदारानं खराब म्हणून काढलेल्या विड्या वजा, पानं कमी पडली म्हणून पदरचे घातलेले पैसे वजा. सगळा हिशोब तोंडी, बोटं न मोडता. ज्या मुलीच्या घरी सूप मांडीवर घेऊन विड्या वळल्या जातात, तिला हे विचारायचं लगेच सुचतं. याला मी गुणवत्ता म्हणते. यात ढिलाई कुठं आली?

सातरस्ता_ते_लीड्स:
इथली माहिती देतो. ब्रिटनमध्ये ही तीन वर्षांची डॉक्टरेट असते आणि एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, निधीवरच्या जागांवर विद्यार्थ्याला पगार मिळतो. तरी वर्गात गोऱ्या मुलींचाच भरणा. कारण अर्ज करण्याआधी कामाचा अनुभव लागतो, आणि तो फुकट किंवा तुटपुंज्या पगारावर घेणं सगळ्यांना परवडत नाही. म्हणून काही विद्यापीठं आता अर्जदाराची घरची परिस्थितीही विचारात घेतात. नुसत्या विद्यावेतनानं भागेल असं समजू नका.

होटगी_रोड:
विद्यावेतनाला माझाही पाठिंबा आहे. हजारामागच्या हिशोबाचं उदाहरणही मान्य. केंद्राला मात्र विरोध कायम. प्रशिक्षणावर देखरेख करणारे सुपरवायझर कुठून आणणार? शिकवणारे नसताना केंद्र काढलं तर ते सर्टिफिकेटचं दुकान होईल. त्यात एम.फिल.च गुंडाळलं जातंय. यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) 2022 मध्ये ते बंद केलं, क्लिनिकल सायकॉलॉजीला 2025-26 पर्यंतच मुभा दिली. नवे अभ्यासक्रम जरा रुळू द्या.

चाटी_गल्ली:
रुळले की कोण बदलतं सर? निवडीचे निकष नव्यानं ठरतायत तेव्हाच बोलायला हवं. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या 70 ते 92 टक्के रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचं दिसलं होतं. अजून किती थांबायचं?

सुपरवायझर नाहीत म्हणून केंद्र नाही, केंद्र नाही म्हणून सुपरवायझर नाहीत. यावर माझ्याकडं एकच तोड आहे. इथल्या तेलुगू, कन्नड, उर्दू घरांतल्या चार-पाच मुलींना पूर्ण शिष्यवृत्तीवर बाहेर पाठवा, परत येऊन सोलापुरातल्या सरकारी रुग्णालयात पाच वर्षं काम करायच्या अटीवर. पुढं शिकवायला त्याच उभ्या राहतील. एमबीबीएसला बाँड चालतो, मग इथं का नको?

होटगी_रोड:
बाँडचं पटलं. फक्त पाच वर्षं नको, दोन करा. शिक्षणाची दोन आणि बाँडची पाच म्हटलं की लग्नाचा विषय काढून घरचे अर्जच भरू देणार नाहीत. आणि परत आल्यावर मंजूर पद हवं, कंत्राटावर नको. त्या पदाचं आधी बघा, मुली मी सुचवतो.