माळव्याच्या काळ्या मातीवर रूळ: माती काढायची की चुन्याने सुधारायची?

तुकोगंजकर
इंदूर-दाहोद रेल्वेमार्ग धारपर्यंत बराचसा काळ्या मातीतूनच जातो. ही माती पावसात फुगते, वैशाखात भेगाळते. तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट या चिकणमातीच्या खनिजाच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं. माझं स्पष्ट मत: वरची मीटरभर माती काढा, मुरूम दाबून भरा. थोडक्यासाठी काटकसर केली की पुढे जन्मभर कॉशन ऑर्डर, म्हणजे गाडी हळू चालवण्याचा हुकूम.

महूकर
काका, कुठलाही मुरूम चालत नाही. आयआयटी मुंबईच्या डॉ. कट्टींनी काळ्या मातीवर घालायला सांगितलेला थर न फुगणारा हवा, पण चिकटपणा असलेलाही हवा. वाळूसारखा भुसभुशीत भरलात तर पाणी त्यात साठतं आणि खालची माती फुगतच राहते. शिवाय एवढ्या मुरमासाठी किती टेकड्या खणणार? जागच्या जागी साधारण 3 ते 6 टक्के चुना मिसळा. चुन्यातलं कॅल्शियम मातीला धरतं, फुगणं उतरतं.

तुकोगंजकर
चिकटपणाचं मान्य, मुरूम तपासूनच घ्यावा. पण चुना प्रयोगशाळेतच शोभतो. साइटवर ढेकळं नीट फुटत नाहीत, चुना वरवर लागतो आणि आतली माती जशीच्या तशी. मिसळून मुरायला वेळ द्यायचा, तर ठेकेदाराला पावसाळ्याआधी बिल काढायचं असतं.

पलासियाची ताई
तुम्ही दोघेही मातीवरच अडलात, मला राग येतो तो पाण्याकडे दुर्लक्ष होण्याचा. फॉर्मेशनच्या, म्हणजे गिट्टीखालच्या मातीच्या भरावाच्या, माथ्याला 30 ला 1 उतार नसेल तर पाणी गिट्टीखाली थांबतं. गाडीच्या प्रत्येक दाबाबरोबर पातळ झालेली माती गिट्टीत वर येते, रूळ बसतो. मग रुळांची देखभाल करणारे गँगवाले वरून गिट्टी टाकून पॅकिंग करतात, म्हणजे ती स्लीपरखाली ठासतात. खड्डा बुजत नाही, तीच गिट्टी खाली रुतून पाणी धरणारा खळगा आणखी खोल करते. दरवर्षी हेच! गिट्टीखाली नीट प्रतीचं ब्लँकेट, म्हणजे भरड दाणेदार मालाचा थर, आणि वाहत्या चऱ्या द्या, मुरूम की चुना हे नंतर ठरवा.

महूकर
ताई, ब्लँकेटबद्दल वाद नाही. पण माळव्याच्या सपाटीवर चर काढून पाणी सोडणार कुठे? शेजारच्या सोयाबीनमध्ये? शेतकरी दुसऱ्याच दिवशी बुजवेल. म्हणून माती स्वतःच पाण्याला टिकली पाहिजे, आणि त्यासाठी चुनाच.

पलासियाची ताई
मग नाल्यापर्यंतची जागा भूसंपादनातच धरा. रुळाची रुंदी मोजून जमीन घ्यायची आणि पाण्याच्या वाटेसाठी एक बिघाही नाही, हे मला मान्य नाही.