श्रद्धा काय किंवा नास्तिकता काय, आपण ती खरंच निवडतो का?

उंबरठा
परवा मित्राशी वाद झाला. तो म्हणाला, "मी विचार करून आस्तिक आहे." विचारलं, "कितव्या वर्षी केलास विचार?" गप्प बसला. मग उलट मलाच म्हणाला, "आणि तू रे?" मीही गप्प. म्हणून हा धागा.

माझं मत असं की श्रद्धा आधी येते, कारणं मागाहून गोळा होतात. चार वर्षांचं पोर ग्रंथांची तुलना करून देव ठरवत नाही. आई डोळे मिटते, म्हणून तेही मिटतं. १८५९ साली इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने लिहून ठेवलंय की ज्या कारणांनी माणूस लंडनमध्ये ख्रिस्ती होतो, त्याच कारणांनी तो पेकिंगमध्ये (आजच्या बीजिंगमध्ये) बौद्ध झाला असता. ठामपणा मात्र दोन्हीकडे सारखाच!

तिरकस
बरं, मग? मला पाढे वडिलांनी छडी घेऊन शिकवले. म्हणून सात त्रिक एकवीस खोटं ठरतं का? मत कुठून आलं आणि ते खरं आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुम्ही पहिल्याचं उत्तर देऊन दुसरा निकालात काढताय.

उंबरठा
पाढे कुठल्याही घरात शिका, एकवीसच येतात. देवांचं तसं होत नाही, हीच तर माझी अडचण आहे.

कोरी_पाटी
मी विसाव्या वर्षी वाचून-वाचून नास्तिक झाले. घरचे सगळे भाविक. माझ्यावर कुणाचे संस्कार?

निवांत
तेव्हा तुमच्या मैत्रिणी कोण होत्या? खवचटपणे विचारत नाहीये. लॉफलंड आणि स्टार्क या समाजशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या नव्या पंथाचा अभ्यास करून १९६५ मध्ये तो छापला. पंथात टिकले ते मुख्यतः ज्यांची आतल्या लोकांशी घट्ट मैत्री जमली ते. शिकवण नंतर पटत गेली.

कोरी_पाटी
मैत्रिणी नास्तिकच होत्या. पण त्या मी शोधल्या, कारण प्रश्न आधीच पडले होते. हा क्रम तुम्ही सोयीने उलटा लावताय.

तिरकस
+१. आणि बाबासाहेबांचं काय? १९३५ साली येवल्याला त्यांनी सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही. दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला. एकवीस वर्षं! यालाही मागाहून गोळा केलेली कारणं म्हणणार का?

उंबरठा
नाही, तिथे मी हरलो. पण असा अभ्यास करणारा लाखांत एखादा. त्यांच्यासोबत ज्या लाखोंनी दीक्षा घेतली, ते त्यांच्यावरच्या विश्वासानेच ना?

सावली
हे वाक्य खटकलं. ज्याला धर्माच्या नावाने पाणवठ्यावरून हाकललं, त्याला तो धर्म आपला नाही हे कळायला ग्रंथालयात बसावं लागत नाही. जगलेलं आयुष्य हा पुरावा नाही का? 'विचार' म्हणजे फक्त पुस्तकातला, असं धरून चाललात की बाकी सगळे आपोआप मेंढरं ठरतात. आणि नेत्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हाही एक निर्णयच असतो. तो त्यांनी पारखून घेतला नसेल असं कशावरून?

उंबरठा
मान्य. घाईत लिहिलं.

निवांत
अनुभवाबद्दल थोडं. डार्विनची मुलगी ॲनी १८५१ मध्ये दहाव्या वर्षी गेली आणि त्या धक्क्याने त्याची श्रद्धा संपली, असं बरेचदा सांगतात. त्याने स्वतः मात्र लिहिलंय की अविश्वास इतका हळूहळू पसरत गेला की त्रासही जाणवला नाही. आपल्याला गोष्टीत एक 'तो दिवस' हवा असतो. माझी श्रद्धा नेमकी कधी गेली, मलाही सांगता येत नाही. एकदा संकटात कुणाचा धावा केला नाही, हे दोन दिवसांनी लक्षात आलं, एवढंच.

तिरकस
माझं उलट. मी परत आलो. वडील गेल्यावर प्रार्थनेला बसलो. कुठलाही युक्तिवाद नव्हता, आणि मला त्याची लाजही वाटत नाही.

उंबरठा
म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध झालं की!

तिरकस
नाही हो. माझा सख्खा भाऊ त्याच घरात वाढला. त्याच दिवशी वडील त्याचेही गेले, आणि त्याचा देवावरचा विश्वास त्या आठवड्यात उडाला. घर एक, दुःख एक. आता सांगा.

उंबरठा
याला उत्तर नाही माझ्याकडे. सुचलं तर लिहितो.