'साधी माणसं'ची नीट प्रत ब्लू-रेवर येण्याची शक्यता कितपत आहे?

मंगळवार_पेठकर

सर्व संग्राहक मित्रांना नमस्कार.

भालजी पेंढारकरांच्या 'साधी माणसं'ची दोन डिस्कची व्हीसीडी माझ्याकडे आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वी महाद्वार रोडवरच्या एका दुकानातून ती घेतली होती (त्या दुकानात आता मोबाइलची कव्हरे मिळतात). 'ऐरणीच्या देवा तुला' सुरू झाले की भट्टीतून उडणाऱ्या ठिणग्यांचे चौकोनी तुकडे होतात, आणि जयश्री गडकर यांचा चेहरा धुरात हरवला आहे की व्हीसीडीच्या पुसटपणात, हे काही केल्या ठरवता येत नाही. घरातल्या कोणालाही ती प्रत दाखवण्याची मला लाज वाटते.

गेल्या आठवड्यात एका विक्रेत्याने याच चित्रपटाची न फोडलेली डीव्हीडी मला १,२०० रुपयांना देऊ केली. मी होकार देणार तेवढ्यात आमच्या गटातील एका मित्राने हात धरला. त्याचे म्हणणे असे की, चित्रपट १९६५ चा असल्यामुळे त्यावरील स्वामित्वहक्काची मुदत २०२५ अखेर संपते, त्यानंतर तो कोणालाही काढता येईल, आणि मग दोन-तीन कंपन्यांच्या स्वच्छ प्रती, कदाचित ब्लू-रेसुद्धा, बाजारात येतील. त्यामुळे आज पैसे घालवू नयेत. दुसऱ्या एका मित्राचा डोळा मात्र शताब्दीवर आहे. प्रभात फिल्म कंपनीची स्थापना १ जून १९२९ रोजी आपल्या कोल्हापुरात झाली, त्यामुळे २०२९ मध्ये तिला शंभर वर्षे होतील. पुढे २०३२ मध्ये 'अयोध्येचा राजा'ची शताब्दी येईल, आणि प्रभात १९३३ मध्ये पुण्याला जाण्यापूर्वीचा हा चित्रपट असल्यामुळे त्याच्यावर आपला हक्क थोडा अधिकच आहे. या निमित्ताने एखादा देखणा संच निघेल आणि त्याच लाटेत भालजींचे चित्रपटही येतील, असा त्याचा अंदाज आहे.

या दोन्ही अंदाजांत कितपत तथ्य आहे? मी थांबावे की १,२०० रुपये मोजून मोकळे व्हावे?

जुना_ऑपरेटर

पेठकर साहेब, आपल्या दोन्ही मित्रांनी दिनदर्शिका पाहिली, पण डबा उघडून पाहिला नाही. कोणत्याही चित्रपटाची चांगली डिस्क निघेल की नाही, हे त्याचे कोणते साहित्य कोणत्या अवस्थेत शिल्लक आहे यावर ठरते. शताब्दी, लोकप्रियता, हक्कांची मुदत या गोष्टी त्यानंतरच्या.

मी उमेदीची वर्षे चित्रपटगृहाच्या केबिनमध्ये काढली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मूळ कॅमेरा निगेटिव्ह उपलब्ध असेल तर १९६५ चा कृष्णधवल चित्रपट आजही डोळ्यांचे पारणे फेडील असा दिसू शकतो. निगेटिव्ह नसेल आणि केवळ चित्रपटगृहांतून फिरून आलेली प्रत हाती असेल, तर आमच्यासारख्यांनी केलेले सर्व उद्योग तिच्यावर कोरलेले असतात. रीळ तुटले की आम्ही दोन्ही टोके ब्लेडने छाटत असू, इमल्शन (चित्र धरून ठेवणारा थर) खरवडत असू आणि सिमेंट लावून जोड दाबून धरत असू. प्रत्येक जोडामागे काही फ्रेम कायमच्या जात. तुटण्याचे प्रमाण रिळाच्या सुरुवातीला आणि शेवटी सर्वांत जास्त असे, त्यामुळे जुन्या प्रतीत नेमक्या रीळबदलाच्या जागी संवाद अर्धवट तुटलेले ऐकू येतात. अशी प्रत कितीही महागड्या यंत्रावर स्कॅन केली तरी केबिनच्या फरशीवर पडलेल्या फ्रेम परत येत नाहीत. डिस्कच्या वेष्टनावर मोठ्या अक्षरांत छापलेले 'फोर-के' मला फारसे हुरळून टाकत नाही ते यामुळेच.

आता कोल्हापूरचे दुर्दैव पाहा. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या जाळपोळीत भालजींचा जयप्रभा स्टुडिओ जळाला, आणि 'मीठभाकर' हा चित्रपट त्यांना पुन्हा उभा करावा लागला. त्या आधीचे चित्रपट नायट्रेट फिल्मवर असत. ती फिल्म एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही, कारण तिला जळण्यासाठी बाहेरचा प्राणवायू लागत नाही. पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील नायट्रेटच्या कोठाराला आग लागली, तेव्हा प्रभातच्या चित्रपटांचे मूळ नायट्रेट साहित्यही तीत गेले. जे वाचले ते आधीच सहज न पेटणाऱ्या सेफ्टी (अ‍ॅसिटेट) फिल्मवर उतरवून ठेवले होते म्हणून वाचले. म्हणजे प्रभातच्या चित्रपटांची उद्याची कितीही सुंदर डिस्क निघाली, तरी तिचा उगम बहुधा नकलेत असेल, मूळ निगेटिव्हमध्ये नव्हे, ही अपेक्षा ठेवूनच आपण तिच्याकडे पाहावे.

१९६५ चा चित्रपट नायट्रेटवर नसल्यामुळे त्याला आगीचे भय तितके नाही, पण त्याचा शत्रू वेगळा आहे. अ‍ॅसिटेट फिल्म उष्ण आणि दमट जागी राहिली की तिच्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटू लागते. एका परिचिताच्या माळ्यावरचा डबा मी उघडला होता, तेव्हा झाकण निघताक्षणी लोणच्याच्या बरणीत नाक घातल्यासारखा वास आला. फिल्म आकसून काठाला चुणीदार झाली होती आणि दातेरी चाकावर बसतच नव्हती. आपल्याकडील पावसाळा लक्षात घेतला तर खासगी माळ्यांवरील डब्यांबद्दल मी फारसा आशावादी नाही.

मग अंदाज बांधायचा तो कशावर? माझ्या मते महोत्सवांतील रिस्टोअर केलेल्या प्रतींच्या यादीवर. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झाले आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झाले. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाखाली तेथे जुन्या चित्रपटांचे काम चालते. गोव्याच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात (इफ्फी) 'श्यामची आई'ची रिस्टोअर केलेली प्रत दाखवली गेली. पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवलेला हा चित्रपट असल्यामुळे त्याची निवड समजण्यासारखी आहे. मराठीतील पुढची चांगली डिस्क कोणती, असे मला कोणी विचारले तर मी या चित्रपटाचेच नाव घेईन, कारण अवघड काम झालेले आहे आणि उरला आहे तो केवळ प्रकाशनाचा निर्णय. प्रभातपैकी पहिला मान 'संत तुकाराम'ला मिळेल असे वाटते. १९३७ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला होता, त्यामुळे परदेशातही त्याचे नाव ठाऊक आहे. 'साधी माणसं'चे नाव अशा यादीत माझ्या पाहण्यात आलेले नाही.

डीव्हीडी घेण्यापूर्वी एक तपासणी अवश्य करावी. चित्रपटाच्या आरंभी सेन्सॉरचे प्रमाणपत्र दिसते आणि त्यावर लांबी मीटरमध्ये दिलेली असते. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने मिनिटाला सुमारे २७.४ मीटर धावते. लांबीला २७.४ ने भागले की चित्रपटाची खरी मिनिटे मिळतात. डिस्क पाल पद्धतीची (आपल्याकडील टीव्हीची) असेल तर चित्र २५ फ्रेमच्या वेगाने चालते, म्हणून वेळ चार टक्क्यांनी कमी भरणे स्वाभाविक आहे. अमेरिकी टीव्हीच्या एनटीएससी पद्धतीत तोही फरक पडत नाही. याहून जास्त तूट आली तर कात्री चालली आहे असे समजावे.

कलम_२६

हक्कांच्या मुदतीविषयी आपल्या मित्राने केलेले गणित बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष घाईचा आहे. आपल्या कायद्यात चित्रपटावरील स्वामित्वहक्क प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो, म्हणून १९६५ च्या चित्रपटासाठी ३१ डिसेंबर २०२५ हीच तारीख येते. गीते, संगीत आणि लेखन यांची मुदत मात्र कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षे मोजली जाते. 'साधी माणसं'चे संगीत 'आनंदघन' या नावाने लता मंगेशकर यांनी दिले होते, आणि त्यांचे निधन २०२२ मध्ये झाले. 'ऐरणीच्या देवा'चे गीतकार जगदीश खेबूडकर २०११ मध्ये गेले. स्वतः भालजींचे निधन १९९४ चे आहे. चित्रपट मुक्त झाल्यावर त्यात गुंफलेल्या गाण्यांच्या हक्कांचे नेमके काय होते, यावर वकिलांत वाद होऊ शकतो, आणि ज्याला काही लाखांचा खर्च करून डिस्क काढायची आहे तो माणूस वादाच्या शक्यतेनेही मागे सरतो. जुन्या करारांत निर्मात्याने काय काय लिहून घेतले होते यावर पुष्कळ अवलंबून राहील.

याहून व्यवहारी अडचण अशी आहे की, हक्क संपला म्हणून निगेटिव्ह कोणी आपल्या हातात देत नाही. चित्रपट सर्वांचा झाला तरी डबा ज्याच्या कपाटात आहे त्याचाच राहतो. त्यामुळे मुदत संपल्यावर घाईने येणाऱ्या प्रती या बहुतेक वेळा जुन्या टीव्ही मास्टरवरून किंवा चक्क आपल्याकडे आहे तसल्या व्हीसीडीवरून फुगवून काढलेल्या असतात. फुगवलेली प्रत ओळखणे सोपे आहे. तिच्यात फिल्मचा दाणा (चित्रावरील बारीक कण) नसतो आणि माणसांचे चेहरे मेणाचे वाटतात.

विभाग_क

मी मुख्यतः परदेशी डिस्क मागवतो, म्हणून त्या बाजूने दोन शब्द लिहितो. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीची निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेतील आगीत होरपळली होती. इटलीतील बोलोन्यात ती हाताने दुरुस्त करून २०१५ मध्ये चित्रपटगृहांत आली आणि त्याच वर्षी डिस्कवरही मिळाली. जळालेल्या साहित्यातून इतके काम झाले, कारण मागणी करणारे जगभर होते. भालजींचे नाव तिकडे कोणी घेत नाही, हे कटू असले तरी खरे आहे. परदेशी ब्लू-रेची आशा मी नव्या मराठी चित्रपटांकडूनच ठेवतो. २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स चित्रपट महोत्सवात मोठा पुरस्कार मिळवलेल्या 'साबर बोंडं'सारख्या चित्रपटाची डिस्क आधी अमेरिकेत निघाली तर मला आश्चर्य वाटणार नाही. ती मागवताना एवढे ध्यानात ठेवावे की ब्लू-रेसाठी भारत 'क' विभागात, म्हणजे रीजन सीमध्ये मोडतो आणि अमेरिका रीजन एमध्ये, त्यामुळे सर्व विभागांच्या डिस्क वाचणारा प्लेअर लागतो. फोर-के अल्ट्रा एचडीच्या डिस्कला हे बंधन नसते.

१,२०० रुपयांच्या त्या डीव्हीडीची मागची बाजू पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ती चंदेरी असेल तर कारखान्यात छापलेली असते, जांभळट असेल तर कोणीतरी घरच्या संगणकावर लिहिलेली असते, मग वेष्टन कितीही घट्ट असो.

मंगळवार_पेठकर

सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल विक्रेत्याकडे जाऊन वेष्टन फोडून दाखवण्याची विनंती केली. फोडल्यास डिस्क घ्यावीच लागेल, अशी त्याची अट होती. मी ती मान्य केली नाही, त्यामुळे तो व्यवहार तेथेच थांबला.

घरी येऊन मात्र ऑपरेटर काकांनी सांगितलेला मीटरचा हिशेब मी माझ्याच कपाटावर लावून पाहिला. 'साधी माणसं'च्या व्हीसीडीवर प्रमाणपत्र आहे, पण आकडे इतके विरघळलेले आहेत की ३ आणि ८ यांतला फरकसुद्धा कळत नाही. चित्र थांबवले, पडद्याचा मोबाइलवर फोटो काढला, तो मोठा करून पाहिला, तरी उपयोग झाला नाही. मग एका जुन्या कृष्णधवल तमाशापटाची डीव्हीडी काढली. तिच्यावर लांबी ३,८३० मीटर अशी स्पष्ट वाचता आली. भागाकार १४० मिनिटांच्या आसपास येतो. डिस्क पालची आहे, म्हणून १३४ मिनिटे भरायला हवी होती, पण प्लेअर ११८ दाखवतो. पंधरा वर्षे मी हा चित्रपट पूर्ण समजून पाहत आलो, आणि त्यातली १६ मिनिटे माझ्याकडे कधी नव्हतीच.

आमच्या वडिलांना मी हे सांगितले तेव्हा ते लगेच म्हणाले की, उत्तरार्धात पाटलाच्या वाड्यावर एक बैठकीची लावणी होती आणि ती या डिस्कमध्ये नाही, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तेव्हाच का सांगितले नाही, असे विचारल्यावर, तू इतक्या हौसेने लावली होतीस, एवढेच त्यांचे उत्तर होते.

'साधी माणसं'साठी मी थांबतो आहे. मात्र जुन्या मराठी तमाशापटांच्या व्हीएचएस कॅसेट कोणाकडे अजून चालू अवस्थेत असतील तर कृपया येथे कळवावे. चित्रपटाचे नाव आणि डिस्कवर ज्या ठिकाणी चित्र उडी मारते ती वेळ मी त्यांना कळवीन. कॅसेट कोल्हापुरात असेल तर व्हीसीआर घेऊन मी स्वतः येईन.

जुना_ऑपरेटर

व्हीसीआर आणण्यापूर्वी त्याचे हेड स्पिरिटने पुसून घ्या आणि कॅसेटची खिडकी उजेडात धरून पाहा. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती यंत्रात मुळीच घालू नका. माझ्याकडे तीन कॅसेट आहेत, त्यांपैकी एका लेबलवर फक्त 'तमाशा, भाग २' असे लिहिले आहे. रविवारी सकाळी दहानंतर मी घरीच असतो.