सावळ्या मुलाला कृष्ण करताना चेहरा का रंगवावा?

खारघरची आई : गोकुळाष्टमीला आमच्या सोसायटीत माझा सहा वर्षांचा मुलगा कृष्ण झाला होता. तो सावळा आहे. मंचावर जाण्यापूर्वी एका काकूंनी त्याच्या चेहऱ्याला गोरेपणाची पावडर लावली आणि घरी आल्यावर त्याने मला विचारले, “आई, कृष्ण माझ्यासारखा नव्हता का?” त्याला काय सांगावे?

नौपाड्यातील वाचक : ताई, त्याला सांगा की ‘कृष्ण’ या शब्दाचाच अर्थ काळा असा आहे, महाभारतातील द्रौपदीचेही एक नाव कृष्णा आहे, आणि ज्या विठोबासाठी लाखो वारकरी पंढरपूरला चालत जातात त्याची मूर्ती काळ्या पाषाणाची आहे. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाल्यावर देवांची रंगीत चित्रे घरोघरी पोहोचली, आणि त्यांतल्या उजळ देवी आपल्या नजरेत पक्क्या बसल्या, असे मला वाटते.

नेरूळहून : चित्रांतल्या कृष्णाचा निळा रंग मात्र या गोरेपणाच्या हौसेशी जोडू नये, लघुचित्रांत तो श्यामवर्ण दाखवण्याचा जुना संकेत आहे. खटकते ती पावडर.

वाशीचा शिक्षक : नाताळातही हेच दिसते. ज्यांच्यावरून सांताक्लॉज आला ते संत निकोलस हे आजच्या तुर्कस्तानातील मायरा येथील चौथ्या शतकातले बिशप होते; गोऱ्यापान, गुलाबी गालांच्या सांताचे रूप मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी चित्रांनी रूढ केले.

खारघरची आई : मनःपूर्वक आभार. आषाढीला मुलाला पंढरपूरला नेईन.